वांग तोंडावर, जात डोळ्यात

कोथरूड म्हणजे नवी सदाशिव पेठ. जुनी पेठ वाड्यात मावेनाशी झाली तेव्हा ती मुठा ओलांडून कर्वे रोडनं सरकत सरकत टेकडीच्या पायथ्याशी येऊन बसली. टेकडीच्या उतारावर आपण. केळेवाडी, सुतारदरा, जयभवानीनगर, किष्किंधानगर. पेठेला खराटा लागतो, भांडी घासणारा हात लागतो, कचरा उचलणारी बाई लागते. म्हणून हा उतार खपवून घेतला जातो.

सकाळी सहाच्या सुमारास बाया खाली उतरायला लागतात. कुणाच्या हातात खराटा, कुणाच्या पुढं कचऱ्याची ढकलगाडी, कुणी चार घरची धुणीभांडी धरलेली. दिवस कलला की वर चढतात. मधलं सगळं ऊन त्यांच्या तोंडावर राहतं. गालाच्या हाडावर, कपाळावर, वरच्या ओठावर काळपट तपकिरी नकाशा उमटतो. आपल्या आया त्याला वांग म्हणतात, डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात, आणि जिच्या घरी भांडी घासायची ती म्हणते, ‘अगं, तोंड नीट धुतेस ना? काळं काय दिसतंय?’

‘ताई, वांग हाय त्ये. जात न्हाई.’

जात नाही! मराठीत हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या पोटात ढवळायला लागतं.

आता त्याच रस्त्यावर जरा मान वर करून बघा. कर्वे पुतळ्यापासून पौड रोडपर्यंत पहिल्या मजल्यावर स्किन क्लिनिकच्या पाट्या. लेझर, पील, ग्लो. पाटीवरची बाई कुठल्या देशातली असते कुणास ठाऊक, डाग घालवण्याआधीसुद्धा ती आपल्यापेक्षा चार छटा गोरी असते. आणि तळमजल्यावर मेडिकल. पहिल्या मजल्याचा जिना झाडणारी बाई काम आटोपून तळमजल्यावर येते, काउंटरवरच्या पोराला गाल दाखवते. पोरगा मागं हात घालून एक ट्यूब काढतो. चिठ्ठी मागत नाही. ‘रात्री लावा मावशी, आठ दिवसांत फरक.’ फरक पडतोसुद्धा. तिथंच घात होतो.

ह्या ट्यूबवर लिहायचं म्हटलं तेव्हा आपलेच दोन-चार दोस्त खदाखदा हसले. ‘आता काय, सौंदर्याचा सल्ला सुरू करणार? अत्याचार चाललेत, आरक्षण कुरतडलं जातंय, आणि तू वांगावर लिहिणार!’ दोस्तहो, हसा. पण हसून झालं की घरी जाऊन आईच्या उशाखाली, बहिणीच्या पर्समध्ये, वहिनीच्या फणीच्या डब्यात काय सापडतं ते बघा.

त्या ट्यूबेत स्टिरॉइड असतं. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी त्याची नावं. ही औषधं वाईट नाहीत. इसब, सोरायसिस, ॲलर्जीच्या पुरळावर डॉक्टरनं मोजून दिली तर माणसाला जगवतात. पण चेहऱ्याची कातडी पातळ. तिच्यावर महिनोन्महिने हे चोपडलं की ती आणखी पातळ होते, आतल्या रक्तवाहिन्या लाल जाळीसारख्या दिसायला लागतात, मुरूम उठतात, बाईच्या हनुवटीवर केस येतात, चुलीपुढं किंवा उन्हात उभं राहिलं की तोंडाची आग आग होते. ट्यूब थांबवली की सगळं दुपटीनं उसळतं. म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. हे दारूसारखंच. फरक एवढाच, की दारू विकणाऱ्याला लायसन दाखवावं लागतं आणि दारू पिणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण दारू पितोय.

ह्या अवस्थेला कोलकात्याच्या डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ साली नाव दिलं: स्टिरॉइडनं खराब झालेला चेहरा. २०११ साली देशातल्या कातडीच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या केंद्रांवर मिळून पाहणी छापली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रोग्यांपैकी ४३३ जण स्टिरॉइड चोपडत होते. त्यातल्या २५७ जणांना ते सांगणारा माणूस डॉक्टरच नव्हता. दुकानदार, शेजारीण, पार्लरवाली, नणंद. आणि १२६ जण ते गोरेपणाचं किंवा रोजचं क्रीम म्हणून, नाहीतर दाढीनंतर लावायला वापरत होते. म्हणजे पुरुषही आहेत ह्यात, मिशीवर ताव देणारे. डॉक्टरांनीच आरडाओरडा केला म्हणून २३ मार्च २०१८ ला केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड क्रीम ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तोवर कातडीवर लावायच्या औषधाला पळवाट होती. आता पळवाट कागदावरून गेली, काउंटरवर आहे तशीच आहे.

म्हणून डॉक्टर म्हटला की सरसकट दगड उचलायचं कारण नाही. ह्या प्रश्नावर आपल्या चळवळीच्या आधी तेच बोलले. आपण काय बोललो?

आपण बोललो, ‘काळं ते सुंदर.’ अमेरिकेतल्या काळ्या भावांनी दिलेली घोषणा. ब्लॅक पँथरकडून आपण नाव घेतलं, ताठ मान घेतली, त्या ओघात ही घोषणाही घेतली. घोषणा खरी आहे. पण जिच्या गालावर वांग आलंय तिला ती सांगून बघा. ती म्हणेल, ‘दादा, मी काळी हाय त्याचं मला काय न्हाई. माझी आय काळी व्हती. ह्ये डाग कशाचं, त्ये सांगा.’ बाजार तिला म्हणतो, तुझा सगळा रंगच रोग आहे, ये, गोरी करतो. आपण म्हणतो, तुझा रंग सुंदर आहे, जा घरी. तिनं विचारलेल्या डागाला दोघांनीही हात लावला नाही. आणि वर आपण तिलाच म्हणतो की ही बघा, क्रीम लावते, गोऱ्यांची गुलाम झाली.

म्हणून आधी हे वेगळं करून घ्या. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. रंगाला मेलॅनिन म्हणतात. नॉर्वेच्या गोऱ्या माणसात आणि आपल्यात ह्या पेशींची संख्या जवळपास सारखीच. फरक रंगाचे दाणे किती, केवढे मोठे आणि कसे पसरलेत एवढाच. काळी कातडी म्हणजे उन्हाविरुद्ध जन्मतः मिळालेली छत्री. गोऱ्यांना उन्हानं होणारे कातडीचे कॅन्सर काळ्यांना फार कमी होतात. तेव्हा रंगावर इलाज नाही, कारण रंग हा रोग नाही.

वांग हा रोग आहे. साधा आहे, जीव घेत नाही, पण रोग आहे. ऊन, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातून आलेला कल, ह्यातलं काही ना काही एकत्र येतं आणि चेहऱ्यावरच्या काही ठिकाणच्या पेशी बिथरल्यासारख्या रंग ओतायला लागतात. मुरूम, भाजणं, पुरळ, खाजवणं ह्याच्यामागून राहणारे काळे डाग निराळे. ते काळ्यासावळ्या कातडीवर जास्त उठतात आणि जास्त दिवस राहतात. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो तो आणखी निराळा; टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं रंगाच्या पेशीच मरतात. आणि मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा येतो तो तर कातडीचा प्रश्नच नव्हे. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही ह्याची ती बऱ्याचदा खूण असते, पुढच्या मधुमेहाची चिठ्ठी. पण शाळेत त्या पोराला काय ऐकावं लागतं? ‘मान घासत जा रे, मळ बघ किती!’ आई बिचारी घासणीनं, दगडानं खसाखसा घासते, पोरगं रडतं, आणि घासण्यानं कातडी आणखी काळी पडते.

‘मळ’ हा शब्द लक्षात ठेवा. वांग बघून ‘तोंड धुतेस ना’ म्हणणाऱ्या बाईलाही मळच दिसतो. आपल्या अंगावर काहीही दिसलं की ह्यांना मळ दिसतो. ती वैद्यकीय चूक नाही. ती हजार वर्षांची नजर आहे.

आता ही डागावरची औषधं आली कुठून, ते जरा सांगतो. कारण त्यात आपला संबंध आहे.

१९३९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अजब प्रकार छापला. कातडं कमावणाऱ्या एका कारखान्यातल्या काळ्या मजुरांचे हात पांढरे पडायला लागले होते. जिथपर्यंत रबरी हातमोजे, तिथपर्यंत पांढरं. शोध घेतला तेव्हा कळलं की रबर टिकावं म्हणून त्यात हायड्रोक्विनोनच्या जातकुळीतलं एक रसायन घातलेलं होतं, तेच रंगाच्या पेशी मारत होतं. म्हणजे कातडीचा रंग रसायनानं उडवता येतो ही अक्कल जगाला आली ती चामड्याच्या कामावरच्या काळ्या मजुराच्या हातावरून. आपल्यातल्या ढोर-चांभार समाजातल्या वाचकांनी हे वाक्य परत एकदा वाचावं. त्या मजुरांच्या हातांचं पुढं काय झालं ह्याची उत्सुकता कमी जणांना होती. रसायनाचं काय करता येईल ह्याची खूप जणांना होती.

मग १९७५ साल. ॲल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस ह्या डॉक्टरांनी तीन औषधं मिसळून काढलेला फॉर्म्युला छापला: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. नुसत्या डागांवर नव्हे, निरोगी काळ्या कातडीवर तो लावून तिचा रंग पूर्ण उडवता येतो, हे त्यांनी दाखवलं. हाच तो क्लिगमन, ज्यानं १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर नाना प्रयोग केले. कैदी बहुतेक काळे होते. चार पैशांसाठी त्यांनी पाठ दिली. ज्या विद्यापीठात तो होता त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेनं २०२१ साली माफी मागितली, फिलाडेल्फिया शहरानं २०२२ साली. तोवर बरेच कैदी मरून गेले होते. त्याच तीन औषधांच्या मिश्रणाची पोरंबाळं आज आपल्या काउंटरवर आहेत, आणि आपल्याकडच्या कंपन्यांनी त्यात मोमेटासोनसारखं आणखी जोरकस स्टिरॉइड घातलं. अमेरिकेत २००२ साली ह्या जातीच्या क्रीमला परवानगी मिळाली ती सौम्य स्टिरॉइड घालून, आणि थोड्या आठवड्यांपुरती. आपल्याकडं बाया ते वर्षानुवर्षं लावतात.

त्याच १९७५ साली आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. त्याच साली हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिकनं उन्हानं कातडी किती भाजते ह्यावरून माणसांचे प्रकार पाडले, आणि पहिल्यांदा पाडले ते गोऱ्यांचेच. आपल्यासारख्यांचे दोन प्रकार मागाहून शेपटाला जोडले. आणि त्याच साली दक्षिण आफ्रिकेतून बातमी आली की रंग उजळायची हायड्रोक्विनोनची क्रीमं लावणाऱ्या काळ्या बायांच्या गालावर निळेकाळे डाग उठतायत आणि ते जात नाहीत. रंग घालवायला गेल्या आणि कायमचा काळा डाग घेऊन आल्या! हे सगळं एकाच साली झालं हा योगायोग, कुणी कट केला नव्हता. कट करावा लागत नाही, नजर सारखी असली की माल आपोआप एकाच दिशेनं वाहतो.

पण दक्षिण आफ्रिकेचं पुढचं ऐका, ते आपल्या कामाचं आहे. तिथं काळ्यांची चळवळ आणि डॉक्टर ह्या प्रश्नावर एकत्र आले. ‘काळं ते सुंदर’ म्हणून थांबले नाहीत, कायदा मागितला. १९९० साली, गोऱ्यांचं राज्य अजून पुरतं गेलं नव्हतं तेव्हा, तिथं रंग उजळणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांवर बंदी आली. चोरून माल अजून येतो ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडं काय झालं? २०१४ साली जाहिरातवाल्यांच्या संस्थेनं नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवायचं नाही. २०२० साली मिनियापोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडची मान दाबून जीव घेतला, जगभर लोक रस्त्यावर आले, आणि आपल्या फेअर अँड लव्हलीची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. त्याच साली शादी डॉट कॉमनं रंग निवडायची खिडकी काढून टाकली. अमेरिकेतला काळा माणूस मेला म्हणून कोथरूडच्या ट्यूबेवरचं नाव बदललं. खैरलांजीनं काही बदललं का?

आता जातीकडे येतो. काहीजण म्हणतात, गोरे ते आर्य, काळे ते आपण, मामला साफ आहे. च्यायला, हा बामणांनी आणि इंग्रजांनी मिळून शिकवलेला धडा आपण का गिरवायचा? बाबासाहेबांनी तो कधीच फाडून टाकला. १९३६ च्या ‘जातीच्या निर्मूलना’त त्यांनी सांगितलं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, जात म्हणजे वंश नव्हे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर नाकांची मापं पुढं टाकून वंशाची थिअरी मोडीत काढली. डोळे उघडे ठेवून कोथरूडात फिरा, काळेकुट्ट जोशी भेटतील, आपल्या वस्तीत घाऱ्या डोळ्यांच्या गोऱ्यापान पोरी भेटतील. उत्तरेकडं तर म्हणच आहे की काळा ब्राह्मण आणि गोरा चांभार, दोघांबरोबर नदी पार करू नये. कारण त्यांची जात चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, हिशेब चुकतो!

तेव्हा रंगात जात नाही. जात आहे ती उन्हात. कुणी किती तास उन्हात उभं राहायचं हे जात ठरवते, मग ऊन ते तोंडावर लिहितं, आणि मग ते तोंड वाचून पुन्हा जात ओळखली जाते.

पण बोट फक्त त्यांच्याकडं नको. बौद्ध वधू-वर मेळाव्याची पुस्तिका काढा. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला पोरगा, पदवीधर, नोकरीला, अपेक्षा काय? ‘गोरी, सडपातळ, नोकरीवाली.’ जयंतीला आणलेले फोटो बघा. रमाईचा चेहरा चित्रकारानं असा गुलाबी रंगवलेला की शेणी थापून, उपास काढून जगलेली ती बाई ओळखूही येत नाही. सावित्रीबाईंचंही तेच. आपणच विकत घेतो, आपणच हार घालतो. तिकडं ते काळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवतात आणि सून गोरी शोधतात, म्हणून आपण त्यांना ढोंगी म्हणतो. मग आपण कोण? ज्या पोरीला तीन ठिकाणांहून रंगावरून नकार आला, ती मेडिकलच्या काउंटरवर गेली तर तिला ढकलणारे हात आपलेच असतात.

आणि ती फक्त मेडिकलमध्ये जात नाही. पार्लरवालीनं डबीत भरून दिलेलं, नाव-गाव नसलेलं क्रीमही लावते. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची बातमी आली. एक विद्यार्थिनी, तिची आई, तिची बहीण, तिघींच्या किडन्या बिघडल्या. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएमला तपासणी झाली, क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग बनवण्याचं काम अडवतो म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच कातडीतून आत जाऊन किडनीची चाळणी फाडतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रोगी तपासले; १५ जणांत एकच खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळायचं क्रीम लावत होते. आपल्या देशाचा नियम सांगतो की क्रीममध्ये पारा चुकून आला तरी दहा लाखात एका भागापेक्षा जास्त नको. डबीवर नावच नसेल तर नियम चिकटवायचा कुठं?

मग इलाज काय? वांगाचा पहिला इलाज सावली आहे. इथं थोडा वेळ थांबतो, कारण हा शब्द पुण्यात साधा नाही. पेशवाईच्या पुण्यात सकाळ-संध्याकाळ आपल्या माणसाची सावली लांब पडते, ती बामणावर पडून विटाळ होतो, म्हणून वेशीच्या आत येऊ देत नव्हते. भर दुपारी, सावली पायाखाली असताना, उन्हात या. आजही कोथरूडच्या रस्त्यावर भर दुपारी उन्हात कोण असतं ते मोजा. स्कूटरवरच्या पोरी डाकूसारखा स्कार्फ गुंडाळून, कोपरापर्यंत हातमोजे घालून जातात; त्यांना दहा मिनिटांचं ऊनही सोसत नाही. रस्ता झाडणारीला आख्खा दिवस. सनस्क्रीन लावा, असं डॉक्टर सांगतात, बरोबरच सांगतात. त्यातही वांगाला साधी पांढरी सनस्क्रीन पुरत नाही. डोळ्याला दिसणारा उजेडही आपल्या कातडीतलं वांग वाढवतो, म्हणून लोहाचा तपकिरी रंग घातलेली लागते. ती दर दोन-तीन तासांनी परत लावायची. किंमत विचारा, आणि एका घरच्या धुण्याभांड्याला महिन्याला काय मिळतं ते विचारा.

ही मागणी होऊ शकते. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा कचरा वेचणाऱ्या बाईला महापालिका ओळखत नव्हती. संघटनेनं ओळखपत्रं मिळवली, पुढं ‘स्वच्छ’मधून दारोदारचा कचरा उचलायचं काम हक्कानं घेतलं. त्या बाया बहुतेक आपल्याच, मातंग, बौद्ध. ज्यांनी ओळखपत्र मिळवलं त्या रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती कोट, तपकिरी सनस्क्रीन आणि दुपारी टेकायला सावलीची जागा का मिळवू शकणार नाहीत? पौड रोडला कचरा डेपो होता तिथं आज मेट्रोचा डेपो उभा आहे, गाड्यांना छप्पर आहे. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात ठरलेल्या वारी कातडीचा डॉक्टर बसला पाहिजे. अन्न आणि औषध प्रशासनानं चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणाऱ्यांची झडती घेतली पाहिजे. घेत नसेल तर आपली पोरं काउंटरसमोर उभी राहू शकतात. हातात नुसता २०१८ च्या आदेशाचा कागद असला तरी दुकानदार चपापतो.

तोवर घरात करायचं ते सांगतो. ट्यूबेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. शेवट ‘सोन’ किंवा ‘सोल’ असा दिसला, म्हणजे बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ट्यूब डॉक्टरला दाखवा. बरेच महिने लावली असेल तर एकदम बंद करू नका, तोंड उसळतं. ती हळूहळू सोडवावी लागते. हायड्रोक्विनोन हे काही विष नाही, वांगावर ते चालतं, पण डॉक्टरच्या नजरेखाली आणि ठरलेल्या महिन्यांपुरतंच. ॲझेलेइक ॲसिडसारखी सौम्य औषधंही आहेत. पोटात घ्यायच्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, रक्ताच्या गाठीचा धोका आधी तपासावा लागतो. लेझरला घाई नको; आपल्या कातडीवर तो चुकला तर डाग वाढतो. लिंबू, सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावायचं नाही. वांग पुरतं जाईलच असं कुणी सांगत असेल तर तो माल विकतोय. ते फिकं होतं, उन्हात परत येतं, परत फिकं करता येतं.

मान काळी असेल तर घासणी ठेवून द्या, साखर तपासा. आणि एक वेगळा डाग ओळखा: फिकट किंवा तांबूस, ज्याला टोचलं, गरम लागलं तरी कळत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, माणूस पूर्ण बरा होतो. त्या गोळ्यांतल्या क्लोफाझिमिननं कातडी काही महिने काळपट-तांबूस होते. काही माणसं ‘काळा पडलो’ म्हणून गोळ्या सोडतात आणि हातापायाची बोटं गमावतात. गोळ्या संपल्यावर हळूहळू रंग परत येतो.

ससूनला कातडीचा विभाग आहे. केसपेपरच्या रांगेसाठी कोथरूडहून सकाळी लवकर निघावं लागतं, म्हणजे त्या दिवसाची कामं बुडतात आणि चार घरचा खाडा पडतो. खाडा कापू नका, हे सांगायला वस्तीतल्या दोन शिकलेल्या पोरी आदल्या दिवशी बरोबर गेल्या तर बहुतेक घरं कापत नाहीत.